पाहुण्याच्या ताटाचा हिशेब

आमच्या घरी बाटलीबंद पाण्याची पेटी पहिल्यांदा आली ती २०१३ च्या जुलैत. बाबांनी आर्वीहून एसटीत पायाशी धरून आणली. बारा बाटल्या. युरोपातली एक पोरगी एका संस्थेमार्फत स्वयंसेवक म्हणून येऊन सहा आठवडे आमच्या गावात राहून शाळेत इंग्रजी शिकवणार होती. मुक्काम आमच्या घरी होता आणि गावचं पाणी तिला बाधेल असं संस्थेच्या माणसानं आधीच बजावून ठेवलं होतं. पेटीचे पैसे कोण देणार यावर तो काही बोलला नाही, बाबांनीही विचारलं नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर असलं विचारत नसतात.

त्या वर्षी विदर्भात पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गवत माजलेलं, चिखलात डवरा चालेना, निंदणाला बाया मिळेनात. नेमक्या त्याच दिवसांत आईचं शेतात जाणं बंद झालं, कारण घरी पाहुणी. संडासाला तोवर पोत्याचा पडदा होता, त्याला पत्र्याचं दार बसलं. ताईच्या लग्नासाठी ट्रंकेत जपून ठेवलेली चादर निघाली. म्हशीचं सकाळचं दूध डेअरीला जायचं ते घरीच राहू लागलं. आम्ही ज्वारीची भाकर खाणारी माणसं, पण तिच्यासाठी रोज गव्हाची पोळी आणि वर तूप. तिला तिखट सोसत नाही म्हणून तिची भाजी वेगळी. आई पहाटे चारला उठायची आणि सगळ्यांच्या मागून, पातेल्याला लागलेलं पुसून जेवायची. शेवटी जेवणं तिला नवीन नव्हतं. तिच्याआधी जेवणारं एक माणूस तेवढं वाढलं होतं.

शिवाय कागद. परदेशी माणूस घरी मुक्कामाला ठेवला की २४ तासांच्या आत ‘फॉर्म सी’ भरून सरकारला कळवावं लागायचं. हे संस्था करेल असं आम्हाला वाटलं, आम्ही करू असं संस्थेला वाटलं. बाबांच्या ठाण्यात तीन चकरा झाल्या. त्यांचे तीन दिवस बुडाले हे मी आज म्हणतो. तेव्हा ते उलट ऐटीत जायचे, साहेबांनी बसायला खुर्ची दिली म्हणून.

पोरगी गुणाची होती. उकिडवं बसायला शिकली, आईला ‘आई’ म्हणायला शिकली, आजही दिवाळीला तिचा मेसेज येतो. तिच्याविरुद्ध मला एक अक्षर लिहायचं नाही. जायच्या आदल्या रात्री ओसरीत बसलो असताना तिनं विचारलं, या सहा आठवड्यांसाठी मी संस्थेकडे पैसे भरलेत, त्यातले तुझ्या आईला किती मिळाले? घरात इंग्रजी समजणारा मी एकटाच, कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला. आईनं विचारलं, “काय म्हणते थे?” मी म्हणालो, “जेवण लय चांगलं होतं म्हणते.” आई खूश झाली आणि सकाळी तिची ओटी भरताना खोबऱ्याच्या वाटीसोबत पन्नासची नोट ठेवली.

काही महिन्यांनी संस्थेचा अहवाल आला, गुळगुळीत कागदाचा. त्यात चुलीसमोर बसलेल्या आईचा फोटो आणि खाली गावानं केलेल्या प्रेमळ स्वागताबद्दल एक ओळ. शेवटच्या पानांवर खर्च दिला होता, प्रवास, विमा, प्रशिक्षण, कार्यालय. गहू, दूध, पत्र्याचं दार, निंदणाची मजुरी यांचा रकाना नव्हता. मी आईला तसं म्हटलं तर तिनं माझ्याकडेच विचित्र नजरेनं पाहिलं. “पाहुण्याच्या ताटातलं कोणी मोजते काय रे?”

मी तेच करणार आहे. स्वयंसेवेचे कार्यक्रम, परदेशातून येणारे असोत की आपल्याच कॉलेजांचे, गावाच्या पाहुणचारावर उभे असतात. ही गावानं दिलेली देणगी आहे, बहुतेक वेळा सगळ्यात मोठी. ती वहीत चढली पाहिजे आणि तिची फेड गाव सांगेल त्या रीतीनं झाली पाहिजे. यात गावाच्या मोठेपणाला उणेपणा येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी गावाची रीत नीट पाहिलेली नाही. गाव ताटातलं मोजतच आलं आहे. पाहुण्याला ते दिसू देत नाही, एवढंच.

इर्जिक आठवून पाहा. ज्याचं काम मागं पडलंय, बैल मेलाय, घरात आजारपण आहे, त्याच्या शेतावर गावातली दहा-बारा माणसं आपापली जोडी आणि औत घेऊन उतरायची आणि दिवसात रान मोकळं करून द्यायची. मजुरी नाही. मालकानं जेवू घालायचं. आमच्या आजोबांच्या तोंडून या जेवणाचं वर्णन कामाच्या वर्णनापेक्षा लांब असायचं, वांग्याची भाजी आणि रोडगे आणि किती जणांनी किती रिचवले. पण त्या जेवणाला तीन गोष्टी बांधलेल्या होत्या. आलेल्या माणसाला वखर धरता येत होता. जेवण कामानंतर होतं. आणि पुढच्या वर्षी त्याच्या शेतावर यांनी जायचं होतं. आता परदेशातून आलेल्या किंवा पुण्याहून आलेल्या पोराला या तिन्ही कसोट्या लावा. त्याला ते काम येत नाही. जेवण तो पोचल्या रात्रीच जेवतो. आणि आपण त्याच्या गावी कधीच जाणार नसतो. म्हणजे इर्जिकीतलं जेवण राहिलं, इर्जिक गेली.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी स्वतः असाच पाहुणा होऊन आलोय, परक्या देशात.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास नऊ हजार माणसं गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मी एका गटाबरोबर महिनाभर सिंधुपाल्चोक जिल्ह्यात होतो. वेळ वाईट होती. सप्टेंबरात नेपाळनं नवं संविधान लागू केलं आणि त्यानंतर सीमेवर ट्रक अडकले. ही नाकाबंदी आपली नाही असं भारत सरकार म्हणत होतं, नेपाळात मला ते मानणारं कुणी भेटलं नाही. गॅस नाही, डिझेल नाही, औषधं नाहीत. काठमांडूहून निघालेल्या बशीच्या टपावर माणसं बसलेली. अशा वेळी एक भारतीय पोरगा मदत करायला आला होता आणि ज्या घरी त्याला ठेवलं होतं तिथली आमा, म्हणजे आई, त्याला रोज सकाळी विचारत होती, “खाना खानुभयो?” आपल्याकडचं ‘जेवण झालं का’, अगदी तसंच. उत्तर काहीही असो, ताट यायचंच.

घर म्हणजे पत्र्याचा आडोसा. सरकारनं तात्पुरत्या निवाऱ्यासाठी कुटुंबामागं १५ हजार नेपाळी रुपये दिले होते, त्यातून पत्रे आलेले. मला ताटात भात, डाळ, भाजी. घरची माणसं माझ्यानंतर जेवायची म्हणून त्यांच्या ताटात काय असतं ते मी पाहिलं नव्हतं. नवव्या दिवशी ताप आला म्हणून घरीच पडून राहिलो तेव्हा दिसलं. ते कोदोचा ढिंडो खात होते, म्हणजे नाचणीच्या पिठाचं घट्ट उकडलेलं, आणि सोबत गुन्द्रुक, आंबवून वाळवलेला पाला. कोपऱ्यात मदतीच्या तांदळाचं पोतं होतं, निम्म्याच्या खाली उतरलेलं. भूकंपग्रस्तांना आलेला तांदूळ भूकंपग्रस्तांना मदत करायला आलेला माणूस खात होता.

गव्हाची पोळी आणि ज्वारीची भाकर. तापात पडल्यापडल्या मला दुसरं काही आठवेना.

आणि त्या तांदळाच्या बदल्यात मी देत काय होतो? शाळेच्या तात्पुरत्या शेडसाठी दगडाचा पाया. कृषी पदवीधर माणसानं रचलेले दगड. तिथला मिस्त्री संध्याकाळी सगळे गेल्यावर माझा भाग उकलून पुन्हा रचायचा, हेही त्याच आठवड्यात कळलं. मी विचारलं तर म्हणाला, तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला कसं सांगायचं. मी नसतो तर त्याचं काम एका वेळेत झालं असतं.

मला भात नको, ढिंडो द्या, असं मी सांगून पाहिलं. आमा दुखावली. तिला वाटलं तिच्या हातचा भात मला आवडला नाही. निघताना पैसे देऊ केले तर तिनं माझी मूठ मिटून माझ्याच छातीवर ठेवली. पैशाची वाट बंद आणि नकाराचीही बंद. उघडी होती ती तिसरीच. एका पहाटे ती डोको, म्हणजे मोठी टोपली, पाठीला लावून लाकडाला निघाली, गॅस नव्हताच, आणि मी मागोमाग गेलो. पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी तिनं मला दोर कसा कपाळाला घ्यायचा ते दाखवलं, तिसऱ्या दिवशी ओरडली, कारण मी ओलं लाकूड उचललं होतं. त्या दिवशी ताटात ढिंडो आला. ज्याच्यावर ओरडता येतं असा माणूस झाल्यावरच मला घरचं जेवण मिळालं. शाळेच्या पायापेक्षा ती दोन आठवड्यांची लाकडं हेच माझं नेपाळातलं खरं काम, असं मी आजही मानतो, जरी प्रमाणपत्रावर पाया लिहिलेला आहे.

अमरावती जिल्ह्याला हे सांगायची गरज पडू नये. शेंडगावच्या गाडगेबाबांनी आयुष्यभर हेच केलं. गावात शिरले की आधी खराटा हातात, गल्ल्या लख्ख, मग कीर्तन. कुणाच्या दारात भाकर मागितली तर आधी लाकडं फोडून द्यायची. पाया पडायला आलेल्या माणसाला ते काठी दाखवत. लोक याला विक्षिप्तपणा म्हणाले, नंतर संतपण म्हणाले, दोन्हींत हिशेब बाजूला राहिला. मला ते पक्के व्यवहारी वाटतात. गावावर आपला भार किती पडतो हे त्यांना रोजच्या रोज कळत होतं आणि ते तो रोजच्या रोज फेडत होते. जिथं भार फेडता येणार नाही अशा ठिकाणी, यात्रेच्या गावी, त्यांनी धर्मशाळा बांधल्या, म्हणजे परगावच्या माणसाला कुणाच्या घरात शिरायची वेळच येऊ नये.

परदेशी स्वयंसेवकांनाही हे जमलेलं आहे. पियर सेरेसोल नावाचा स्विस इंजिनिअर, ज्यानं १९२० मध्ये व्हर्दाँजवळ, महायुद्धानं उद्ध्वस्त झालेल्या भागात पहिलं आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवलं, तो १९३४ च्या बिहार भूकंपानंतर भारतात आला आणि १९३७ पर्यंत पुन्हा पुन्हा येत गावं बांधत राहिला. त्याच्या सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे स्वयंसेवक १९५० च्या दशकात आपल्या वरोऱ्याला, बाबा आमट्यांच्या आनंदवनात आले आणि कुष्ठरुग्णांबरोबर राहून त्यांनी तिथं बांधकाम केलं. आनंदवनाच्या मळ्यातली भाजी तेव्हा गावातलं कुणी घेत नव्हतं. परदेशातून आलेली धडधाकट पोरं तिथलं पिकलेलं बिनधास्त खातात हे पाहून लोकांची भीती ओसरू लागली, असं सांगतात. तिथं जेवणं हेच काम होतं. भिंती कुणीही बांधल्या असत्या. यजमानाच्या ताटातलं खाऊन पाहुण्यानं यजमानाची पत वाढवली, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आमच्या घरी त्या पोरगीनं पोळी खाल्ल्यानं आमची पत वाढली का? वाढली, खोटं कशाला बोलू. वर्षभर बाबा पारावर तिच्याच गोष्टी सांगत होते. ज्यांच्या घरात संडासाला दार नव्हतं त्यांना मात्र तशी संधी कधी मिळाली नाही.

इथं मला आमच्या पाहुणचाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख गावाची आरती होईल. पाहुणी आमच्याकडं का आली? कारण आमचं घर सरपंचाच्या ओळखीचं, वस्ती बरी, जात बरी. संस्थेनं पाहणी केली म्हणतात, ती दुपारच्या चहात झाली. शाळेत तिची गट्टी जमली ती बौद्धवाड्यातल्या एका मुलीशी. एकदा दोघी आमच्या घरी आल्या. आईनं चहा केला. पाहुणीला कपबशी आणि त्या मुलीला कोपऱ्यातला स्टीलचा पेला, जो एरवी गड्यासाठी असायचा. युरोपातून आलेल्या पोरीला काही कळलं नाही. त्या मुलीला कळलं, मला कळलं, आईला तर माहीतच होतं. मी गप्प बसलो. पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणि तो पेला, दोन्ही एकाच फळीवर होते.

तैत्तिरीय उपनिषदातलं ‘अतिथिदेवो भव’ आपण हॉटेलांच्या दारावर लावतो. त्या ओळीत अतिथी चौथा येतो. आधी माता, मग पिता, मग आचार्य. आमच्या घरात ही रांग उलटी लागते, चौथा पहिल्यांदा जेवतो आणि पहिली सगळ्यांच्या शेवटी.

गावाच्या रीतीत पाहुणचाराला मर्यादाही आहेत आणि बाहेरच्यांना त्या ठाऊक नसणं किती महाग पडतं हे यवतमाळ-वर्ध्याच्या गावांनी २००६ नंतर पाहिलं. त्या वर्षी पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी माणसांची रीघ लागली. पत्रकार, विद्यार्थी, संशोधक, पुढारी, स्वयंसेवक, त्यात परदेशीही. आता आपल्याकडं माणूस गेला की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे कडू घास आणतात, पिठलं-भाकर. भेटायला आलेला माणूस पाणीही मागत नाही, न बोलता बसतो, न बोलता उठतो. यजमानीण त्या दिवसांत यजमान नसते. किती शहाणा नियम आहे तो. पण बाहेरून आलेला माणूस तेराव्यानंतर येतो, महिन्यानंतर येतो, वही उघडतो आणि ‘थोडा वेळ बोलू का’ म्हणतो, मग त्याला चहा द्यावाच लागतो. आमच्या नात्यातल्या एका घरी मी हे डोळ्यांनी पाहिलंय. काकूनं धाकट्याच्या हातात डबी देऊन दुकानात पाठवलं, साखर आणि चहापत्ती, मांडून ठेवायला सांगून. त्या महिन्यात दुकानदाराच्या वहीत तिच्या नावावर चहाच्याच ओळी होत्या. सरकारी मदत एक लाखाची, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार बँकेत ठेव म्हणून. त्या ३० हजारांतून सगळ्यात आधी दुकानाची उधारी गेली. आलेल्यांपैकी कुणीही वाईट माणूस नव्हता. सगळ्यांनी चहा निम्मा ठेवला, बहुतेक साखर जास्त होती म्हणून.

मग करायचं काय? पैसे द्या, असं म्हटलं की लगेच दोन बाजूंनी आवाज येतो. संस्थेवाले म्हणतात, पैसे आले की आपुलकी गेली, त्याचं लॉज होईल. गाववाले म्हणतात, आम्ही काय खानावळवाले आहोत? संस्थेवाल्यांचं मला फारसं ऐकावंसं वाटत नाही, कारण आपुलकी जपायची सगळी जबाबदारी ते नेहमी बिनपगारी माणसावर टाकतात. गाववाल्यांचं म्हणणं मात्र खरं आहे. माझ्या आईच्या हातावर कुणी नोटा ठेवल्या असत्या तर तिनं त्या फेकल्या असत्या, किंवा त्याहून वाईट, बाबांनी ठेवून घेतल्या असत्या.

पण हातावर पैसे ठेवणं आणि काहीच न देणं यांच्या मधे बरीच जागा आहे. नेपाळातल्या स्याङ्जा जिल्ह्यात सिरुबारी नावाचं गुरुङांचं गाव आहे, १९९७ पासून तिथं पाहुणे घरोघरी राहतात. पाहुण्यानं घर निवडायचं नाही आणि घरानं पाहुणा निवडायचा नाही. गावाची समिती पाळीनं नेमून देते आणि पैशाचं बोलणं समितीशीच होतं. पुढं २०१० मध्ये नेपाळ सरकारनं होमस्टेसाठी कार्यविधीच काढली. महाराष्ट्रानंही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते हौसेनं येणाऱ्या पर्यटकासाठी आहे. सेवा करायला येणाऱ्याला आपण अजून फुकटच जेवू घालतो, जणू सेवेला भूक लागत नाही. पाळीची कल्पना आपल्यालाही परकी नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. एका चुलीवर भार नाही, आणि कुणाच्या घरी कधी ते आधीच ठरलेलं. त्यातली जातीची चौकट मोडून गावातल्या प्रत्येक वस्तीला पाळी लावली तर कोपऱ्यातला पेला आपोआप अडचणीत येतो. आज बौद्धवाड्यात जेवलेला पाहुणा उद्या आमच्याकडं येणार असेल तर आई काय करेल, मला खरंच सांगता येत नाही. पण तिला ठरवावं तरी लागेल.

गावागावांत जलसंधारणाच्या कामांची वॉटर कप स्पर्धा होती त्या वर्षांत असंच काही आमच्या भागात न ठरवता घडलं. २०१६ मध्ये वरुड तालुक्यात स्पर्धा आली, २०१७ मध्ये आमच्याच आर्वी तालुक्यातलं काकडदरा, कोलाम आदिवासींचं छोटं गाव, राज्यात पहिलं आलं. २०१८ च्या महाराष्ट्र दिनाला शहरातून माणसं श्रमदानाला आली. शेजारच्या गावात मी होतो. काम गावाचं होतं, आखणी गावाची, चुन्याची फक्की गावातल्या पोरांनी मारलेली. शहरातल्यांनी फक्त टोपलं धरायचं. जेवणासाठी घरटी दोन भाकरी गोळा झाल्या, पिठलं देवळापुढं एका काहिलीत, आणि पंगतीत कोण कुठल्या घरची भाकर खातंय ते कुणालाच कळत नव्हतं. एका बाईंनी दोनऐवजी चार दिल्या तर तिला दोन परत केल्या. पाहुण्याचं ताट मोजलं गेलं आणि कुणाची मान खाली गेली नाही.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. जी संस्था परदेशी स्वयंसेवकाकडून पैसे घेते तिनं घरमुक्कामाचा खर्च वेगळा दाखवावा, आणि तो घरातल्या बाईच्या खात्यावर जावा, ती स्वयंपाकाला लागल्यामुळं बुडलेल्या मजुरीसकट. रोजगार हमीचा दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता, तेवढा तरी धरा. नाही म्हणायची मुभा असावी, आणि ते ‘नाही’ सरपंचाला न विचारता तिला म्हणता यावं, कारण हो म्हणणारे पुरुष पारावर बसतात आणि पोळ्या आत लाटल्या जातात. डवरणी-निंदणाच्या दिवसांत आणि कापूस फुटल्यावर पाहुणे पाठवू नयेत. आणि स्वयंसेवकानं आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या घरचं एक रोजचं काम अंगावर घ्यावं. इंग्रजी शिकवणं त्यात मोजायचं नाही.

हे सगळं मी यंदा आईला वाचून दाखवलं नाही, पण तिच्यापर्यंत कुठून तरी पोचलं असावं. डिसेंबरात तालुक्यातल्या एका कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर गावात येणार आहे. कार्यक्रमाधिकारी सर परवा ओसरीत बसले होते, पन्नास पोरांची जेवणाची सोय गाव करेल ना, असं बाबांना विचारत. बाबा हो म्हणायच्या बेतात होते. आत भाकर थापण्याचा आवाज थांबला.

“दहा जण जेवतीन आमच्या इथं,” आई दारात येऊन म्हणाली. हात पिठाचे होते. “वेचणीचे दिवस हायेत, म्हणून सांजचंच. पीठ तुम्ही आणा.”

सर हसले. वहीत लिहू लागले.

“ज्वारीचं आणा, गव्हाचं नोको. अन् भांडे पोट्टे घासतीन. पोट्ट्या नाही, पोट्टे.”

सर थांबले. मुलांना ते जमेल का, असं काहीसं पुटपुटले. मग म्हणाले, मी एकदा सरपंचांशी बोलून घेतो.

“बोला,” आई म्हणाली आणि आत गेली. चहा मात्र तिनं मांडलाच.